विझलेल्या भट्टीचा हिशेब



या व्यासपीठावर आपण पुष्कळ विद्वानांना ऐकले आहे. त्या मालिकेत चालकांनी माझ्यासारख्या सातवी झालेल्या माणसाला उभे केले, हे त्यांचे धाडस आहे. माझे पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार कमी आणि आकडेमोड जास्त सापडेल. ती आपण गोड मानून घ्यावी.

आजचा विषय आहे बंद पडणारे कारखाने आणि रिकामे होणारे हात. पण सगळ्या कारखान्यांचे बोलू लागलो तर कोणाचेच बोलणे होणार नाही. म्हणून मी एकच धंदा घेतला आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर कधी ना कधी होता. मी मंगळुरी कौलाविषयी बोलणार आहे. कोकणातले घर असो, देशावरची शाळा असो, रेल्वेचे जुने स्टेशन असो की तालुक्याची कचेरी असो, ते लाल कौल आपण पाहिलेले आहे. ज्यांच्या हातून ते घडले त्यांचे पुढे काय झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम हा धंदा आला कोठून ते सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या मिशनचे पाद्री १८३४ साली मंगळुरास आले. त्यांच्या उपदेशाने ज्यांनी धर्म बदलला त्यांच्यापुढे दुसऱ्याच दिवशी पोटाचा प्रश्न उभा राहिला. जात सुटली तसा जातीचा धंदा सुटला, आणि कुळाची जमीनही कित्येकांच्या हातून गेली. या माणसांना काम हवे म्हणून मिशनने आधी माग घातले आणि मग १८६५ साली जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने तो उभारला. कौलाचा नमुना युरोपातला होता. फ्रान्समधल्या आल्साक प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास एकात एक गुंतणारे चपटे कौल काढले होते, त्याच घराण्यातले हे कौल. धर्माशी आज मला कर्तव्य नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की बेकार झालेल्या माणसांना काम मिळावे म्हणून हा कारखाना निघाला. ज्या धंद्याचा जन्म बेकारीवर उपाय म्हणून झाला, त्याचा शेवट बेकारीत व्हावा, हा दैवाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही.

धंदा तेथे रुजला त्याला कारणे होती. नेत्रावती आणि गुरुपूर या दोन नद्यांच्या काठची चिकणमाती उत्तम होती. जळणाला जंगल जवळ होते आणि माल न्यायला बंदर होते. मंगळुरातल्या स्थानिक व्यापाऱ्यांनी लवकरच आपले कारखाने काढले. मिशननेही कुद्रोळी, मलपे, कालिकत, कोडक्कल, पालघाट आणि फेरोक अशी साखळी बांधली. ही कौले गलबतांतून आणि फत्तेमाऱ्यांतून आपल्या कोकणच्या बंदरांवर उतरत, मुंबईस येत आणि ब्रह्मदेश, सिलोन, पूर्व आफ्रिका येथपर्यंत जात. पहिले महायुद्ध पेटल्यावर मिशनची मालमत्ता शत्रूची म्हणून सरकारने ताब्यात घेतली आणि युद्धानंतर ती कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे गेली. मालक बदलले, माती तीच राहिली आणि मातीत राबणारे हातही तेच राहिले.

हे काम कसे चाले ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यातच बंद पडण्याचे एक कारण दडलेले आहे. पावसाळ्यापूर्वी माती खणून ढीग घालायचा. ती मुरली की पाणी घालून यंत्रात मळायची आणि तिच्या वड्या पाडायच्या. वडी दाबयंत्राखाली गेली की कौल तयार. त्याच्या कडा कापून ते मांडणीवर सावलीत सुकवायचे आणि मग भट्टीत रचायचे. मोठ्या कारखान्यांतली भट्टी हॉफमान पद्धतीची असे. तिच्यात ओळीने खोल्या असतात आणि आग एका खोलीतून दुसरीत सरकत राहते. पुढच्या खोलीत कच्चा माल तापत असतो तेव्हा मागच्या खोलीतला पक्का माल निवत असतो. शेवटी एकेक कौल बोटांनी वाजवून पाहायचे. खणखणीत वाजले तर पहिला नंबर, बद्द वाजले तर बाजूला. माती वाहणे, कौले उचलणे, मांडणे, निवडणे ही कामे बहुतांशी बायका करीत. एक ओले कौल तीन किलोच्या घरात जाते. दिवसाकाठी किती उचलली असतील आणि मजुरी नगावर असेल तर पाठीचे काय होत असेल, याचा हिशेब आपणच करावा.

ही माणसे मुकाट्याने राबत राहिली असेही नाही. मलबारात १९३० नंतरच्या दशकात कामगार-चळवळ उभी राहिली, तिच्या पहिल्या फळीत कालिकत-फेरोकचे कौल-कामगार होते. पी. कृष्ण पिळ्ळै यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यात राहून काम करीत. कामाचे तास, मजुरीचा दर, बोनस, बाळंतपणाची रजा हे हक्क तेथे फाटकावर भांडून मिळवलेले आहेत. तो धंदा जातो आहे म्हणजे नुसते कौल जात नाही. तीन पिढ्यांनी मिळवलेले हक्कही त्याबरोबर जातात, कारण हक्क नोकरीला चिकटलेले असतात आणि नोकरी कारखान्याला.

आता धंदा का बसला ते पाहू. येथे मी मालकाला एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणार नाही. खरी कारणे सांगितली नाहीत तर उपायही खोटेच सांगितले जातील.

पहिले कारण आपण स्वतः, म्हणजे गिऱ्हाईक. लोकांनी कौलाविरुद्ध कौल दिला. एक काळ असा होता की सिमेंट परमिटावर मिळे. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरून १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मी तेव्हा शाळेत होतो, पण वडीलमाणसांच्या गप्पा आठवतात. त्याच वर्षी सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. सिमेंट मुबलक झाले आणि गावोगाव स्लॅबची घरे उभी राहू लागली. केरळात आखातातून आलेल्या पैशाने हा बदल आणखी वेगाने झाला. ज्याला स्लॅब परवडत नाही त्याच्यासाठी पत्रा आला. पत्र्याला वासे कमी लागतात, रिपा कमी लागतात आणि माकडांचा त्रास नाही. यात गिऱ्हाइकाचे काय चुकले? काही नाही.

दुसरे कारण माती. कौलाची माती नदीकाठच्या भातखाचरांतून येते. खाचर खोल खणले की तेथे पाणी साचते आणि पीक संपते. केरळ सरकारने २००८ साली भातशेती आणि पाणथळ जमिनी राखण्याचा कायदा केला. माती काढण्यावर बंधने आली, परवान्याला वेळ लागू लागला आणि भाव चढला. हा कायदा चुकीचा होता काय? मी कामगाराचा माणूस असूनही म्हणतो, की नव्हता. भाताचे शेत एकदा गेले की पुन्हा होत नाही.

तिसरे कारण जळण. जंगल हटले, लाकूड महागले. आणि येथे त्या भट्टीची गोष्ट पुन्हा येते. अर्धी भट्टी पेटवता येत नाही. गिऱ्हाईक निम्मे झाले म्हणून लाकूड निम्मे लागत नाही. माल पुरेसा साचेपर्यंत भट्टी थंड ठेवावी लागते, आणि तोपर्यंत कामगाराला काम नसते. महिन्याचे सव्वीस दिवस होते ते पंधरावर येतात, पंधराचे आठ होतात. पगार घटला की जाणता कारागीर दुसरीकडे जातो, माल बिघडतो आणि गिऱ्हाईक आणखी घटते. धंदा असा गोल गोल फिरत खाली जातो.

आता कोणी म्हणेल, काळ बदलला, कौल गेले, यात रडण्यासारखे काय आहे? हा प्रश्न मी टाळत नाही. कारण मंगळुरी कौलानेही आपल्या काळी दुसऱ्याचे पोट मारलेच होते. त्याच्या आधी आपल्याकडे नळीची कौले होती. गावचा कुंभार ती चाकावर काढी आणि दर उन्हाळ्यात घर शाकारायला माणसे लागत. मंगळुरी कौल आले, शाकारणी कमी झाली, कुंभाराचे चाक मंदावले. त्या कुंभाराचा हिशेब कोणी केला नाही. आज कौलवाल्याचा होत नाही, उद्या दुसऱ्या कोणाचा होणार नाही.

आणि ज्याने कौलाला मारले त्या सिमेंटच्या कामगाराचे तरी भले झाले काय? बिहारात सोन नदीच्या काठी डालमियानगर नावाचे गाव आहे. १९३० नंतर तेथे रोहतास इंडस्ट्रीज हा मोठा समूह उभा राहिला. सिमेंट, अॅस्बेस्टॉसचे पत्रे, कागद, साखर असे सारे एका कुंपणात होते. १९८४ साली त्याला टाळे लागले आणि भोंग्यावर चालणारे अख्खे शहर थांबले. उत्तर प्रदेशात चुर्क येथे सरकारी सिमेंटचा कारखाना पंडित नेहरूंनी १९५४ साली सुरू केला. पुढे डाला आणि चुनार येथेही कारखाने निघाले. ते खासगी मालकाला देण्याच्या निर्णयाविरुद्ध कामगारांनी आंदोलन केले, तेव्हा १९९१ च्या जूनमध्ये डाल्यात गोळीबार होऊन माणसे मेली. १९९९ साली ते सरकारी महामंडळच मोडीत निघाले आणि २००६ साली कारखाने खासगी समूहाने विकत घेतले. ते पुन्हा चालू झाले हे खरे. पण कारखाना पुन्हा चालू होणे आणि जुना कामगार पुन्हा कामावर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र सात वर्षे गंजत थांबू शकते, पोट सात दिवस थांबत नाही.

तात्पर्य, जुना माल जातो आणि नवा येतो हा नियम कौलाला लागतो आणि सिमेंटलाही लागतो. माझी तक्रार त्या नियमाविरुद्ध नाही. छप्पर बदलल्याचा फायदा आपण सर्वांनी घेतला. घर बांधणाऱ्याने घेतला, सिमेंटवाल्याने घेतला, सरकारने करातून घेतला, आणि भातशेती वाचली तिचा फायदा पुढच्या पिढ्यांनी घेतला. मग त्या बदलाचे बिल एकट्या कौल-कामगारानेच का भरावे? आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचा खुलासा आहे.

हे बिल त्याच्या नावावर कसे चढते ते आता पाहू. कारखाना बंद पडला असे आपण म्हणतो तेव्हा फाटकावरचे टाळे डोळ्यांपुढे येते. पण टाळे हा शेवटचा अंक असतो. नाटक त्यापूर्वी पाच-दहा वर्षे चाललेले असते. मी बांधकामाच्या मालाच्या लहान-मोठ्या कारखान्यांत तीस वर्षे संघटनेचे काम करतो आहे, आणि क्रम जवळजवळ ठरलेला असतो. प्रथम निवृत्त झालेल्याच्या जागी माणूस भरत नाहीत. मग ठेकेदार येतो. मग यंत्राची दुरुस्ती पुढे ढकलतात. मग पगाराची तारीख सातची दहा होते, दहाची वीस होते. मग भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पगारातून कापले जातात, पण भरले जात नाहीत. आणि एके दिवशी कुंपणाच्या आत जमीन मोजणारे दिसू लागतात. ज्या दिवशी मातीपेक्षा मातीखालच्या जमिनीला भाव येतो, त्या दिवशी कारखाना मेलेला असतो. प्रेत तेवढे उचलायचे राहिलेले असते.

मलबारच्या दौऱ्यात एका वयस्क कामगार बाईची गाठ पडली. तिने मला विचारले, की आमचा कारखाना कोणत्या तारखेला बंद झाला असे अर्जात लिहू? मी निरुत्तर झालो. कारण तेथे नोटीस लागली नव्हती आणि टाळेही लागले नव्हते. आधी आठवड्याचे चार दिवस काम होते, मग दोन दिवस झाले, मग पावसाळ्यानंतर बोलावणेच आले नाही. कायदा विचारतो, बंद केव्हा झाले? आणि तिच्याजवळ तारीख नाही. तिच्या आयुष्यातली पंचवीस वर्षे कागदावर संपलेलीच नाहीत, म्हणून त्यांची भरपाईही सुरू होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कायद्याचे नाव काढले की सभेत जांभया येतात, पण ही जांभई महाग पडते.

आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, औद्योगिक कलह कायद्यात एक नवे प्रकरण घातले गेले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी घ्यावी लागेल, असे त्यात होते. मुंबईच्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बंदीसंबंधीचे ते कलम रद्द केले. संसदेने १९८२ साली ते सुधारून पुन्हा आणले आणि मर्यादा शंभर कामगारांवर आणली. पुढे २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता संमत केली, २०२५ च्या नोव्हेंबरात ती अमलात आली, आणि मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. म्हणजे दोनशे नव्व्याण्णव कामगारांचा कारखाना बंद करताना आता कोणाची परवानगी लागत नाही. पन्नासाच्या खालच्या कारखान्याला तर साठ दिवसांच्या नोटिशीचेही बंधन नाही. हंगामी कारखान्यांना परवानगीचे प्रकरण तेव्हाही लागू नव्हते, आजही नाही. आता सांगा, पावसाळ्यात मंदावणारा, ठेकेदाराची माणसे बाजूला काढली की साठ-सत्तर कामगारांवर आलेला कौलांचा कारखाना या जाळ्याच्या कोणत्या भोकातून निसटणार नाही?

बंद झाल्यावर मिळते काय? सेवेच्या दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. तीस वर्षे काढली तर साडेचारशे दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी निराळी, तीही वर्षाला पंधरा दिवसांच्याच मापाने. जन्मभराच्या नोकरीचे हे मोल आहे, आणि तेही ज्याची नोकरी कागदावर सलग आहे त्यालाच. सलग म्हणजे वर्षात दोनशे चाळीस दिवस. म्हणून पुष्कळ ठिकाणी कामगाराला नेमके त्याच्या आत थांबवतात. शिक्षणाने मी सातवी, पण दोनशे चाळिसाच्या आतला हा हिशेब मांडणाऱ्यांची गणिते मला चांगली समजतात.

मोठी कंपनी मोडीत निघाली तर रांग लागते. आधी बँक आणि तिच्या मागे कामगार, अशी ती पूर्वी लागे. कंपनी मोडीत काढण्याच्या दाव्यात कामगाराला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला १९८२ च्या डिसेंबरात निकाल देऊन सांगावे लागले. १९८५ साली कायदा सुधारला आणि कामगाराचे येणे तारण असलेल्या सावकाराच्या बरोबरीला आणून बसवले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी ठेवली, पण चोवीस महिन्यांच्या येण्यापुरती. ज्या कारखान्यात पगार चार वर्षे थकला, तेथे आधीच्या दोन वर्षांचे येणे रांगेत मागे जाते. सुदैवाने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी त्या वाटणीच्या बाहेर राहिली आहेत. ही गोष्ट प्रत्येक कामगाराने पाठ करून ठेवावी.

येथे दुसरा एक आक्षेप घेतला जातो. म्हणतात, युनियनवाल्यांनीच कारखाने बुडवले. मजुरी वाढवून मागितली, संप केले, म्हणून मालक पळाले. काही ठिकाणी संप लांबला आणि त्याचा फटका बसला, हे मी नाकारत नाही. गिरणगावाच्या १९८२ च्या संपाची जखम आपल्या पुष्कळ घरांत अजून ओली आहे. पण कौलाच्या धंद्यात हे उत्तर टिकत नाही. मजुरी स्वस्त असलेल्या ठिकाणीही स्लॅबपुढे कौल टिकले नाही. गुजरातेत मोरबीला एके काळी छपराची कौले होत, आज तेथे भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स होतात. माल बदलला म्हणून तेथला धंदा जगला. यंत्र बदलावे, माल बदलावा हा निर्णय फाटकाच्या आतल्या कचेरीत होतो. युनियनला त्या टेबलापाशी खुर्ची कोणी दिली होती? ज्याला गाडी हाकू दिली नाही, त्याला गाडी उलटल्याचा जाब विचारू नये.

मग करावे काय? रडगाणे ऐकवून घरी जाण्यासाठी मी आलो नाही. चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कामगाराने स्वतः करायची. आपला हिशेब आपण ठेवायचा. कामावर कधी लागलो, किती दिवस भरले, किती पगार मिळाला, निधीत किती जमा झाले, याची एक वही घरात हवी. निधीचे पुस्तक आता मोबाईलवर पाहता येते. मुलाला सांगा, दर महिन्याला बघ. तीन महिने पैसे जमा झाले नाहीत तर ते कारखान्याच्या आजाराचे पहिले लक्षण समजा. ताप चढल्यावर वैद्याकडे जातो तसे तेव्हाच युनियनकडे या, तिरडी बांधल्यावर येऊ नका. राज्य विमा योजनेत २००५ पासून बेकारी भत्त्याची तरतूद आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. पण विम्याचा हप्ता भरलेला असेल तरच तो मिळतो.

दुसरी गोष्ट सरकारची. जे सरकार एका हुकमाने माती थांबवते, त्याच हुकमात मातीवर जगणाऱ्याची सोय लिहिलेली हवी. शेत राखले हे चांगलेच झाले. पण शेत राखण्याची किंमत कामगाराच्या चुलीतून वसूल करू नये. बंद करणेही रीतीने करता येते. जर्मनीत २००७ साली दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचे ठरले आणि शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. मध्ये अकरा वर्षे होती. त्या मुदतीत वय झालेल्यांना लवकर निवृत्त केले, तरुणांना दुसरी कामे शिकवली आणि कोणाला सक्तीने घरी पाठवायचे नाही या कराराने माणसे कमी केली. आपण जर्मनीइतके श्रीमंत नाही हे मला कळते. पण तारीख आधी सांगायला श्रीमंती लागत नाही. आपल्या नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांचा पगार द्यावा असे आहे. पंचवीस वर्षे कौल वाजवून पाहणाऱ्या बाईने पंधरा दिवसांच्या पगारात कोणती विद्या शिकावी, हे त्या संहितेत लिहिलेले नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या खिशाशी येते, म्हणून नीट ऐकावी. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवलेला आहे. तो शेकडा एक ते दोन रुपये असू शकतो आणि नव्या संहितेतही तो राहिला आहे. त्यातून बांधकाम-कामगारांचे कल्याण करायचे, हा हेतू चांगला आहे. पण त्या कायद्याने बांधकामाची व्याख्या करताना कारखान्यात होणारे काम वगळले. म्हणजे स्लॅब ओतणारा गवंडी त्या निधीचा लाभार्थी आहे, आणि त्या स्लॅबमुळे ज्याची भट्टी विझली तो कौल-कामगार नाही. माझी मागणी साधी आहे. ज्या बांधकामाने हा बदल घडवला, त्याच्याच उपकरातला एक हिस्सा बांधकामाच्या मालाच्या बंद पडणाऱ्या धंद्यांतल्या कामगारांसाठी राखून ठेवा. नवा कर नको. आहे त्या निधीला फाटकाच्या आत जाण्याची वाट तेवढी करून द्या.

चौथी गोष्ट जमिनीची. कारखाना मेला तरी जमीन मरत नाही, उलट तेव्हाच तिच्या अंगावर मांस चढते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली नियम झाला, त्यात सार्वजनिक जागा आणि घरे यांसाठी मोठा वाटा होता. २००१ साली नियम बदलून तो वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरवला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्यातून शिकायचे ते हे, की जमिनीवरचा कामगाराचा हक्क बंद पडल्यानंतर मागून उपयोग नाही. चालू कारखान्यातच तो करारात लिहून घेतला पाहिजे. जमीन विकली जाईल तेव्हा कामगाराचे सगळे येणे आधी चुकते होईल, हे एक वाक्य करारात आले तर पुष्कळ मालकांची बंद करण्याची घाई कमी होईल.

या चार गोष्टींनी कौलाची भट्टी पुन्हा पेटेल असे मी म्हणत नाही. काही कारखाने आजही चालू आहेत. जुनी कौले उतरवून पुन्हा विकली जातात, आणि हौशी लोक स्लॅबवर शोभेसाठी कौले बसवतात. एवढ्यावर पूर्वीचा धंदा उभा राहणार नाही, आणि खोटी आशा दाखवणे हे माझ्या कामात मी सर्वांत मोठे पाप समजतो. ज्याचे काम जाणार आहे त्याला ते आधी कळले पाहिजे, त्याचे येणे पुरते मिळाले पाहिजे आणि पुढच्या कामापर्यंत त्याच्या घरात चूल पेटत राहिली पाहिजे. मागणी एवढीच आहे. ही दया नाही, उधारीची फेड आहे.

आपण पुष्कळजण नोकरदार, दुकानदार, शिक्षक आहात. आपल्याला वाटेल, हा प्रश्न दूरच्या मलबारातल्या मजुरांचा आहे. पण आपल्या गावाच्या वेशीवरही एखादा कारखाना असेल, आणि त्याच्या भोंग्यावर वाण्याची उधारी, खोलीचे भाडे आणि शाळेची फी चालत असेल. तो थांबला तर पहिल्या महिन्यात कामगाराचे घर थांबते, तिसऱ्या महिन्यात वाण्याचे दुकान, आणि वर्षाने शाळेतली एक तुकडी कमी होते. म्हणून घर बांधताना सिमेंटचा, विटांचा, लोखंडाचा भाव आपण विचारतो, तसे एकदा हेही विचारा, की हा माल करणाऱ्याला त्याचे पुरते मिळते काय. आणि गावातल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर चार माणसे बसलेली दिसली तर नुसते पुढे जाऊ नका. सायकल थांबवा आणि किती महिन्यांचा पगार थकला आहे ते विचारा. त्या प्रश्नाने त्यांचे निम्मे एकटेपण जाते. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही युनियनवाले आहोतच.